भाच्याला त्याच्या आजाराचं नाव कधी आणि कसं सांगावं?

चिंचेचं_बन
नमस्कार मंडळी. इथली जुनी सभासद आहे, पण हा धागा नव्या आयडीने काढतेय. कारण पुढे वाचलंत की कळेलच.

माझी नणंद गेली तेव्हा तिचा मुलगा तीन वर्षांचा होता. तिचे यजमान त्याआधीच गेले होते. तेव्हापासून भाचा आमच्याकडेच आहे. आता अकरा वर्षांचा, पाचवीत. त्याला जन्मापासून एचआयव्ही आहे. घरात मला, ह्यांना आणि सासूबाईंना माहीत आहे, बाहेर कुणालाच नाही. आमचं गाव कोल्हापूरकडचं, छोटं आहे. औषधं जिल्ह्याच्या ठिकाणच्या एआरटी सेंटरमधून (एआरटी म्हणजे एचआयव्ही दाबून ठेवणारे उपचार) आणतो.

त्याला आजवर सांगितलंय की रक्तात ताकद कमी आहे, म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या. मध्यंतरी त्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, एकदम वाढलेला आला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकतायत. मी छातीठोकपणे सांगितलं की रोज माझ्या हाताने देते. दिवाळीची साफसफाई करताना त्याच्या खोलीतल्या सरकत्या खिडकीच्या खाचेत गोळ्या सापडल्या. पावसाच्या पाण्याने फुगून एकमेकींना चिकटलेल्या. तोंडात धरून तिकडे नेऊन थुंकत असणार.

विचारलं तर म्हणाला, "व्हिटॅमिनच्या गोळ्या सगळ्यांच्या बंद होतात. माझ्याच का नाही?" मला उत्तर सुचलं नाही.

समुपदेशक ताई म्हणतात, आता सांगायला हवं. सासूबाई ऐकायला तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, "माझी लेक गेली, आता तिच्या पोराच्या मनातून पण तिला घालवता काय?" त्यांना वाटतं, आजाराचं नाव सांगितलं की पोरगं आईबापाबद्दल वाईट विचार करणार. ह्यांची भीती वेगळीच. पोराच्या तोंडून बाहेर गेलं तर गावात राहणं मुश्कील होईल.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा. सल्ला नाही, अनुभव हवाय. सल्लाही चालेल.

---

दीपमाळ
ताई, मी सरकारी एआरटी केंद्रात समुपदेशक आहे. कुठे ते लिहीत नाही.

पहिली गोष्ट, गोळ्या खिडकीत सापडल्या म्हणून त्याला रागावू नका. तुम्ही त्याला जे कारण दिलं होतं त्या कारणाने त्याचं वागणं बरोबरच आहे. पोरगं खेळतंय, पळतंय, कुठे दुखत नाही. मग 'ताकदीची गोळी' कशाला घ्यायची?

दुसरी गोष्ट, हे एका बैठकीत उरकायचं काम नाही. पालकांना वाटतं की एक दिवस ठरवायचा, दार लावायचं, सांगायचं आणि मग सगळे रडायचे. आम्ही तसं करत नाही. चारपाच वर्षांच्या मुलाला सांगतो की तुझ्या शरीरात एक बारीक जंतू आहे, गोळी घेतली की तो झोपून राहतो, चुकली की जागा होतो. सातआठव्या वर्षी रक्ततपासणीत काय बघतात ते सांगतो. पांढऱ्या पेशी म्हणजे काय, त्यातल्या रोगाशी लढणाऱ्या सीडी४ म्हणजे काय. त्याच्या रिपोर्टवरचा आकडा त्यालाच वहीत लिहायला लावतो. नाव सगळ्यात शेवटी येतं. तोवर मुलाला आजार कळलेला असतो, फक्त नाव कळायचं राहिलेलं असतं.

तुमच्याकडे आधीच्या पायऱ्या राहिल्यात, पण अकरा वर्षांचा मुलगा त्या दोनतीन भेटींत चढतो. व्हिटॅमिन हा शब्द मात्र आजपासून बंद करा. "ही गोळी रक्तातल्या एका जंतूला दाबून ठेवते, म्हणून ती बंद होत नाही," एवढं आज रात्रीच सांगता येईल. ते खरंही आहे.

---

वऱ्हाडी_ठेचा
माफ करा, पण माझं मत उलट आहे. आमच्या भागात नात्यातल्या एका मुलीला दहाव्या वर्षी सांगितलं. तिने जिवाभावाच्या मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीने आईला. आठवड्याभरात वर्गातल्या पोरी तिच्या बाकावर बसेनात, शालेय पोषण आहाराचं ताट वेगळं ठेवायला लागले. शेवटी मामाच्या गावाला धाडली. मुलगी काही वाईट नव्हती, दहा वर्षांची होती इतकंच. दहा वर्षांच्या पोरीला पोटात ठेव म्हणणं हेच चूक. पंधरा-सोळाचा होऊ द्या, मग सांगा. कायदे-बियदे शहरात चालतात.

---

कोरी_पाटी
वरचा प्रतिसाद वाचून लिहायला बसलो. मी चोवीस वर्षांचा आहे, जन्मापासून पॉझिटिव्ह. आईवडील दोघंही नाहीत, आजोळी वाढलो. मला सोळाव्या वर्षी सांगायचं असं घरात ठरलं होतं.

मला तेराव्या वर्षीच कळलं. कुणी सांगितलं नाही. आठवीच्या विज्ञानात आरोग्य आणि रोगांचा धडा आहे, त्यात एड्स आहे. सरांनी धडा शिकवला आणि लाल फितीचं चित्र फळ्यावर काढलं. ती फीत मी दर महिन्याला आजीबरोबर ज्या खोलीत जायचो तिच्या दारावर बघितलेली होती. घरी आलो, डबीवरची नावं सायबर कॅफेत जाऊन टाकली. संपलं.

तुम्हाला वाटतं न सांगितल्याने पोरगं निर्धास्त राहतं. मी तीन वर्षं घरातल्या लोकांसमोर अडाण्याचं सोंग केलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून. धड्यात पसरण्याची कारणं दिलेली असतात, त्यातली दोनतीन वाचून मी माझ्या मेलेल्या आईबद्दल काय काय ठरवलं होतं ते इथे लिहीत नाही. आईकडून बाळाला होतो ही ओळही त्याच धड्यात होती, पण 'आईला कसा झाला' हे विचारायला माणूस नव्हता. सोळाव्या वर्षी मामाने बसवून सांगितलं तेव्हा मी म्हणालो, माहीत आहे. मामा रडला. मला रडू आलं नाही, राग आला.

ताई, तुमच्या सासूबाईंना सांगा. आईला मनातून घालवायचं काम गप्प बसण्याने होतं. मी उदाहरण आहे.

आणि तुमचा भाचा पाचवीत आहे. आठवीचं पुस्तक तीन वर्षांवर आहे. फोन तर आजच हातात असेल.

---

खडीसाखर
कोरी_पाटी, काय बोलावं कळत नाही. लिहिलंत हे फार बरं केलंत.

---

निसर्गाकडे_चला
ताई घाबरू नका, यावर खात्रीशीर देशी उपाय आहे, गोळ्या बंद करून फक्त \[मजकूर काढला आहे – संपादक\]

संपादक
एआरटी बंद करायला सांगणारे प्रतिसाद या संकेतस्थळावर ठेवले जाणार नाहीत. आयडी गोठवला आहे. चर्चा चालू द्या.

---

डॉ_बालकुंज
बालरोगतज्ज्ञ आहे. उशीर करण्याच्या बाजूने जे मत आलं त्यावर वैद्यकीय बाजू सांगतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी याच विषयावर मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळकरी वयाच्या, म्हणजे साधारण सहा ते बारा वर्षांच्या मुलांना त्यांच्या एचआयव्हीबद्दल सांगावं, त्याहून लहानांना समज वाढेल तसं टप्प्याटप्प्याने सांगत जावं, असं त्यात म्हटलं आहे. याचं कारण फक्त भावनिक नाही. तेरा ते अठरा या वयात गोळ्या सर्वांत जास्त चुकतात. मधुमेहाच्या मुलांतही हेच दिसतं. त्या वयात बंडखोरी येतेच. ती येण्याआधी गोळी कशासाठी हे मुलाला स्वतःला पटलेलं असेल तर बंडखोरी केसांवर आणि कपड्यांवर निघते, गोळीवर कमी निघते. सोळाव्या वर्षापर्यंत थांबायचं म्हणजे सर्वांत धोक्याची वर्षं अंधारात काढायची. मधल्या काळात विषाणू औषधांना दाद देईनासा झाला की हातातले पर्याय कमी होतात.

व्हायरल लोड वाढलाय म्हणून लगेच औषध निकामी झालं असं समजू नका. साधारणपणे तीन महिने गोळ्या नीट घेऊन पुन्हा तपासतात, मग ठरवतात. खिडकीतल्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना जरूर सांगा. लाजून लपवलंत तर ते उगाच औषध बदलतील.

आणखी एक. दहा वर्षं पूर्ण झालेली मुलं ३० किलोच्या वर गेली की त्यांना सहसा मोठ्यांचीच, दिवसातून एकदाची एक गोळी सुरू करता येते. त्या डबीवरची नावं टाकली की फोन दोन सेकंदांत सगळं सांगतो. त्यामुळे प्रश्न सांगायचं की नाही हा नाहीच. तुम्ही सांगणार की फोन सांगणार, एवढंच.

---

वऱ्हाडी_ठेचा
डॉक्टरसाहेब, पटलं. पण गावात फुटलं तर गोळी कोण घेतं आणि शाळेत कोण जातं? त्याचं उत्तर द्या कोणीतरी.

---

दीपमाळ
वऱ्हाडी_ठेचा यांची भीती खोटी नाही. मी स्वतः अशी घरं पाहिली आहेत ज्यांना भाड्याची खोली सोडावी लागली. म्हणून नाव सांगण्याआधी आम्ही एक काम करतो. मुलालाच विचारतो, "तुझ्या या गोळीबद्दल घरात कुणाकुणाशी बोलता येईल?" तो नावं सांगतो. मामी, मामा, आजी, दवाखान्यातली ताई. ती यादी त्याची असते. "कुणाला सांगू नकोस" असं एकट्यावर ओझं टाकलं की मूल ते कुठेतरी उतरवणारच, बहुतेक जवळच्या मित्राकडे. बोलायला चार माणसं असली की उतरवायची घाई नसते. तुम्ही सांगितलेल्या मुलीला घरात बोलायला कोण होतं, माहीत आहे का?

मित्राने विचारलं तर काय बोलायचं तेही आधी म्हणून घेतो. "डॉक्टरांनी दिलीय, रोजची आहे, चल बॅटिंग कुणाची?" एवढं पुरतं. मुलं एकमेकांना याहून जास्त विचारत नाहीत, विचारतात ते मोठे.

शंभर टक्के खात्री मी देणार नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा
तिच्या घरी तिच्याशी त्यावर कुणीच बोलत नव्हतं. सांगितलं आणि विषय बंद केला. हे मात्र खरं.

---

वकीलीण
कायदा शहरात चालतो म्हणणाऱ्यांसाठी. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. त्यानुसार एचआयव्ही आहे म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, वेगळं बसवता येत नाही. प्रवेशासाठी तपासणी मागता येत नाही. शाळेला कळवण्याचं पालकांवर कोणतंही बंधन नाही. अशा माणसांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षं कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पोषण आहाराचं ताट वेगळं करणं सरळसरळ भेदभाव आहे. लढायला बळ लागतं हे मान्य, पण कागद आपल्या बाजूने आहे एवढं तरी माहीत असावं.

गुर्जी
जि.प. शाळेत शिक्षक आहे. वकीलबाईंना दुजोरा. आणि एक पदरचं. शाळेत सांगायची काही गरज नाही. कुठल्याही पोराला खरचटलं तर हातमोजे घालूनच पुसायचं, सगळ्यांसाठी एकच पद्धत. डबा वाटून खाण्याने, पाणी पिण्याने, खेळण्याने काही होत नाही हे आम्हा शिक्षकांना प्रशिक्षणात सांगितलेलं असतं. कितीजण लक्ष देऊन ऐकतात ते सोडा.

---

ओवी_गाते
मी स्वतः पॉझिटिव्ह आहे आणि माझी मुलगीही. तिला दहाव्या वर्षी सांगितलं, आता ती चौदाची आहे. चिंचेचं_बन, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे, बाकी सगळं जमतं. 'काय आहे' हे मूल स्वीकारतं. 'कोणामुळे' यावर अडतं.

मी तिला सांगितलं, माझ्या शरीरातून तुझ्या शरीरात आला. मला लग्नानंतर झाला. तुझ्या वेळी मी गरोदर होते तेव्हा मला आहे हे माहीत नव्हतं, माझी तपासणीच झाली नव्हती. माहीत असतं तर औषध घेता आलं असतं. बाबांबद्दल तिने विचारलं. मी म्हणाले, त्यांनाही माहीत नव्हतं. हे खरं आहे का? मला ठाऊक नाही. पण माझ्याकडे त्याहून जास्त माहिती नव्हती आणि अंदाज मी तिच्या डोक्यात घालणार नव्हते.

ती बरेच दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. दार आपटणं, ताटावरून उठणं, सगळं झालं. मी समजावत बसले नाही. रात्री साडेआठला आम्ही दोघी ओट्याजवळ उभं राहून आपापली गोळी घ्यायचो, तेवढा एक नेम मोडू दिला नाही. एके दिवशी तीच माझ्या हातात पाण्याचा तांब्या देऊन म्हणाली, "आई, तुझा व्हायरल लोड किती आलाय?" तिथून पुढे बोलणं सुरू झालं.

मुलाला आई दोषी वाटेल ही भीती आपली असते. मुलाला हवं असतं की आई होती, तिने सांभाळलं होतं, तिच्या हातात नव्हतं.

---

डॉ_बालकुंज
ओवी यांनी जे लिहिलं त्याला आकड्यांचा आधार देतो, सासूबाईंना उपयोग होईल. काहीच उपचार नसतील तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याचं प्रमाण साधारण १५ ते ४५ टक्के असतं, गरोदरपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध धरून. आईला वेळेवर औषध मिळालं तर ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येतं. आपल्याकडे प्रत्येक संसर्गित गरोदर बाईला कायमची एआरटी द्यायचं धोरण २०१४ पासून आलं. तुमचा भाचा त्याआधीचा दिसतो. त्याच्या आईला कळलंच नसेल तर तिने करायला हवं होतं असं काही उरतच नाही.

---

चिंचेचं_बन
सगळ्यांचे प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवले. कोरी_पाटी यांचा वाचताना त्या उठून आत गेल्या. डॉक्टरांचा मात्र दोनदा वाचायला लावला. "म्हणजे माझ्या पोरीला कुणी तपासलंच नाही," असं म्हणाल्या. बाळंतपण घरीच झालं होतं. त्याचा जन्म २०१३ चा.

व्हिटॅमिन शब्द बंद केलाय. जंतू झोपतो हे सांगितलं. तो म्हणाला, "मग मी गोळी फेकली तेव्हा तो उठला होता का?" हो म्हणाले. गोळी माझ्यासमोर गिळतोय आता. पुढच्या भेटीत समुपदेशक ताईंसमोर नाव सांगायचं ठरतंय. सासूबाई म्हणतात, मीही येणार.

---

दीपमाळ
आजींना जरूर आणा. त्यांना आधी एकट्याने ताईंशी बोलू द्या. खूप वेळा मुलाच्या समुपदेशनापेक्षा आजीच्या समुपदेशनाला जास्त वेळ लागतो. त्यात वावगं काही नाही, त्यांनी लेक गमावली आहे.

परीक्षा, सण, वाढदिवस जवळ असेल तर ती तारीख टाळा. त्या दिवसानंतर एकदोन दिवस घरी कुणीतरी मोकळं असावं. आणि तो काहीच बोलला नाही, लगेच खेळायला गेला तर त्याला कळलं नाही असं समजू नका. मुलं थोडं घेतात, पळतात, परत येतात.

कोरी_पाटी
एक विनंती. 'मी मरणार का' हे तो विचारेल. थेट शब्दांत नाही विचारणार कदाचित. तेव्हा 'असं बोलू नये' म्हणू नका. मला सगळे तेच म्हणाले होते. मी नोकरी करतो, माझा व्हायरल लोड कित्येक वर्षं सापडत नाही, लग्न ठरतंय आणि मुलीला सगळं सांगून ठरतंय. हे त्याला सांगा. हवं तर व्यनि (खाजगी निरोप) करा, मी फोनवर बोलेन त्याच्याशी.

---

चिंचेचं_बन
झालं. लिहायला उशीर झाला, क्षमस्व.

ताईंनी आधी त्यालाच बोलू दिलं. जंतू, गोळी, पांढऱ्या पेशी, सगळं त्याने धडाधडा सांगितलं. मग ताई म्हणाल्या, या जंतूला एक नाव आहे, ऐकायचंय का? तो म्हणाला, हो. नाव ऐकून म्हणाला, "टीव्हीवर येतं ते?" मग थोड्या वेळाने, "आईला पण होतं?" ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी बोलणार तेवढ्यात सासूबाईच बोलल्या. "व्हय. तिला ठावंच न्हवतं रं. कुणी सांगितलंच न्हाई तिला. ठावं असतं तर तुला लागू दिलं असतं व्हय?"

त्याने आजीचा हात धरला, बाकी काही नाही. बाहेर आल्यावर वडापाव मागितला.

त्यानंतर रोज एखादा प्रश्न येतो. बहुतेक गाडीवर मागे बसलेला असताना, म्हणजे मला तोंड दिसत नाही तेव्हा. मामी तुला आहे का? मला क्रिकेट खेळता येईल का मोठ्या टीममध्ये? रक्त आलं तर? आईचा फोटो मोठा करून आणू का? एकदा आजीवर ओरडला, विनाकारण. सासूबाईंनी ऐकून घेतलं. मित्राला सांगितलेलं नाही अजून, मी विचारलं. पुढे सांगणारच नाही असं मी म्हणत नाही. त्याच्या यादीत सध्या पाच नावं आहेत, पाचवं 'फोनवरचा दादा'. कोरी_पाटी, तुमचे आभार कसे मानू?

आता एक व्यवहाराचा प्रश्न. जानेवारीत शाळेची दोन रात्रींची सहल आहे. त्याची गोळी रात्री नऊची. सरांना सांगायचं नाही. काय करू?

दीपमाळ
सहलीच्या आधीच वेळ बदलून घ्या, पण डॉक्टरांना विचारून. बऱ्याच मुलांना आम्ही सकाळची वेळ देतो, दात घासले की गोळी, कुणाचं लक्ष जात नाही. डबी देऊ नका, त्यावर नावं असतात. रोजची गोळी छोट्या कागदी पुडीत, पुडीवर वार लिहून, खिशात एक जादा. गोळी किती वेळ पुडीत चालते तेही केंद्रावर विचारा. पुड्या त्यालाच करू द्या. आणि अडचण आली तर १०९७ हा एड्सच्या माहितीचा मोफत क्रमांक आहे, रात्रीबेरात्री केंद्र बंद असतं तेव्हा उपयोगी पडतो.

गुर्जी
सहलीत सकाळी आम्हा शिक्षकांची इतकी धांदल असते की पोराने हत्ती गिळला तरी कळायचं नाही. निर्धास्त पाठवा. स्वेटर द्या.